किनाऱ्यावरच्या ढगांची वही

भाऊ, जळगावहून अलिबागला गेलास आणि हवामानाची वही सुरू केलीस, फार छान केलंस. पण आपल्याकडचे आडाखे तिथे लावू नकोस. खान्देशात मार्चमध्ये आभाळ भरून आलं की रावेर-यावलच्या केळीवाल्याच्या पोटात गारपिटीच्या भीतीने गोळा येतो. किनाऱ्यावर मात्र सकाळचे खालचे ढग म्हणजे बहुधा समुद्राची दमट हवा रात्री थंडावल्याची खूण. ऊन चढलं की ते विरतात.

म्हणून नुसतं 'ढगाळ' लिहू नकोस. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग कर, त्यातले किती झाकलेत ते लिही. आणि ढग कधी फाटले ती वेळ टिपच; मला तीच नोंद सगळ्यात मोलाची वाटते, कारण दुपारचा पारा बराचसा त्यावर ठरतो.

तापमापक सावलीत, हवा खेळेल असा टांग. पत्र्याखाली नको. वेळा हवामान खात्याच्याच धर: सकाळी ८.३० आणि संध्याकाळी ५.३०. दुपारी वारा समुद्राकडून फिरला की लगेच लिही, खारे वारे सुरू झाले की पारा चढायचा थांबतो. एप्रिलात आमच्याकडे तो चाळिशी ओलांडतो. तेव्हा तुझे आकडे रोज रात्री कळव, शेजारी शेजारी मांडू.