उचलताना मोडू नये म्हणून : टकरीनंतरच्या डिझेल इंजिनांविषयी वाचकांचे प्रश्न

दोन मालगाड्यांची टक्कर झाल्यावर मोडलेली इंजिने वाचवतात कशी, याविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. टकरीतून धड राहिलेले कितीतरी भाग पुढे हलवाहलवीच्या घाईत मोडतात. त्यामुळे उत्तरांत त्या कामाला जास्त जागा दिली आहे.

ब्रेकडाउन ट्रेनची (अपघातस्थळी मदतीला जाणाऱ्या गाडीची) क्रेन १४० टनांची आणि डब्ल्यूडीजी-४ हे मालगाडीचे डिझेल इंजिन १२६ टनांचे. मग ते एकदम उचलून बाजूला का ठेवत नाहीत?
*– एक वाचक, डोंबिवली*

१४० टन हा आकडा खरा असतो तो क्रेनचे चारही पाय पसरून पक्क्या पॅकिंगवर (खाली रचलेल्या लाकडी ठोकळ्यांवर) टेकलेले असतील आणि हूक क्रेनच्या अगदी जवळ असेल तेव्हाच. हूक लांब गेला की ताकद झपाट्याने घटते. इंजिन सुमारे २१ मीटर लांब असते, त्याच्या मध्यावर हूक आणायला क्रेनला तेवढे जवळ जाताच येत नाही. त्यात खडीत रुतलेली चाके आणि एकमेकांत अडकलेले कपलर यांची ओढ कागदावरच्या १२६ टनांत धरलेली नसते. म्हणून एका वेळी एकच टोक उचलतात. निम्मे वजन, म्हणजे ६३ टनांच्या आसपास, हुकावर येते आणि दुसरे टोक आपल्या बोगीवर टेकून राहते. दोन क्रेन मिळाल्या तर दोन्ही टोके एकदम उचलता येतात, पण तेव्हा दोन्ही क्रेनना इशारा देणारा माणूस एकच हवा.

बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, तीन आसांचा चाकगाडा. चाके फिरवणाऱ्या विजेच्या (ट्रॅक्शन) मोटारींसकट तो वीस टनांच्या आसपास भरतो. उचलण्याआधी तो फ्रेमला साखळीने बांधावाच लागतो. नाहीतर फ्रेम वर येते, बोगी खालीच राहते आणि टकरीत शाबूत राहिलेल्या मोटारींच्या केबल व ब्रेकचे पाइप उपटले जातात.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो स्लिंगचा, म्हणजे उचलायच्या दोरांचा, कोन. ६० टनांचा भार दोन दोरांवर घेतला आणि दोर आडव्या रेषेशी ६० अंशांत असले, तर प्रत्येकावर सुमारे ३५ टन ताण येतो. तेच दोर पसरून ३० अंशांवर आले की प्रत्येकावर पुरे ६० टन! शिवाय ते हूडचा, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाचा, पत्रा आत दाबतात. म्हणून मध्ये दोर उभे ठेवणारा आडवा स्प्रेडर बीम घालतात आणि दोर फ्रेमच्या नेमून दिलेल्या जागांनाच लावतात, कपलरला किंवा बफरला नाही.

मुंबईच्या उपनगरी पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. क्रेनचा हात वर न्यायचा तर ओव्हरहेड वायर बाजूला घ्यावी लागते, आणि क्रेन वळताना तिची मागची बाजू शेजारच्या मार्गावर येते. म्हणून इंजिन उभे असेल आणि फक्त रुळावरून उतरले असेल, तर हायड्रॉलिक जॅकच बरे. टोक उचलायचे, खाली आडवा बीम घालायचा, रोलरवरून ते रुळाच्या रेषेत सरकवायचे आणि उतरवायचे. जॅक वर जाईल तसतसे लाकडी पॅकिंग लगेच खाली सरकवत राहावे. जॅकचे सील कधीही फुटू शकते, तेव्हा इंजिन दोन बोटे खाली बसावे, दोन फूट नव्हे.

पहिल्या तासात काय काय बंद करतात?
*– ठाणे*

आधी ओव्हरहेड वायर. २५,००० व्होल्टची लाइन बंद झाल्याचा निरोप पुरत नाही. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून वायर जमिनीशी जोडायची आणि लेखी परमिट हातात आल्यावरच वर चढायचे. मग ब्रेकचे हँडल, थ्रॉटल आणि स्विच ज्या स्थितीत असतील तसेच त्यांचे फोटो घ्यायचे. वेगाची नोंद ठेवणारे यंत्र चौकशीसाठी जपायचे. त्यानंतर बॅटरीचा नाइफ स्विच (मुख्य स्विच) उघडायचा, म्हणजे बॅटरी तोडायची. डब्ल्यूडीजी-४ मध्ये एवढ्याने भागत नाही, कारण मोटारींना वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बॅटरी तोडल्यावरही भारलेले राहतात. ते रिकामे झाल्याची खात्री मीटरने करावी.

डिझेल लवकर पेटत नाही, या समजुतीवर विसंबू नका. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते ते) मानकाप्रमाणे किमान ३५ अंश सेल्सिअस असतो आणि मुंबईत एप्रिलच्या दुपारी उन्हातले लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापते. टाकी ६,००० लिटरची, म्हणजे २०० लिटरचे तीस ड्रम. ती उपसून होईपर्यंत गॅस कटर पेटवू नये.

बाहेरून धड दिसणारे इंजिन चालू करून बघायला काय हरकत आहे?
*– आयटीआयचा विद्यार्थी, कल्याण*

मोठी हरकत आहे. फ्रेम किंचित जरी वाकली तरी तिच्यावर बसवलेले डिझेल इंजिन आणि अल्टरनेटर यांची रेषा बिघडते. अल्को किंवा ईएमडी (डब्ल्यूडीजी-४ याच जातीचे) या दोन्ही जातींत अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, रोटरला एकच बेअरिंग असते, त्याचे दुसरे टोक थेट क्रँकशाफ्टवर पेललेले असते. म्हणजे फ्रेमचा वाक क्रँकशाफ्टपर्यंत पोचतो. तसेच चालवले तर मेन बेअरिंग जळते आणि क्रँकला तडा जातो.

क्रम असा ठेवावा. पायाचे बोल्ट कापले गेलेत का, शिम (खाली घातलेल्या पातळ पट्ट्या) सरकलेत का ते बघा. क्रँककेसची झाकणे उघडून आत तुकडे किंवा पाणी आहे का ते पाहा. सिलिंडरचे टेस्ट कॉक (तपासणीच्या छोट्या तोट्या) उघडे ठेवूनच डिझेल इंजिन हाताने फिरवा. लायनर फुटून सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल, तर बंद कॉकमुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. चार-स्ट्रोक अल्कोचे दोन फेरे, दोन-स्ट्रोक ईएमडीचा एक. मग क्रँकच्या दोन वेबमध्ये (बाजूच्या पात्यांमध्ये) डायल गेज बसवून एका फेऱ्यात पाच ठिकाणी वाचन घ्या. अल्टरनेटरकडच्या शेवटच्या क्रँकचे वाचन सर्वांत महत्त्वाचे, कारण बिघाड पहिल्यांदा तिथे दिसतो.

ईएमडीचा टर्बो वेगळा तपासा. इंजिन थांबल्यावरही त्याच्या तापलेल्या बेअरिंगला तेल देणारा सोक-बॅक पंप बॅटरीवर चालतो. आगीच्या भीतीने बॅटरी तोडली, आणि ती तोडावीच लागते, की ते बेअरिंग कोरडे राहते. टर्बोवर ओरखडा नसला तरी रोटर हाताने फिरवून त्याची ढिलाई मोजल्याशिवाय तो पास करू नये.

ट्रॅक्शन मोटारी दोन दिवस पावसाच्या पाण्यात राहिल्या तर गेल्याच का?
*– वसई*

बहुतेक वेळा वाचतात. पाणी खाडीचे असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ राहिले तर मोटार सुकूनही इन्सुलेशन गळतेच. नंतर ती ओव्हनमध्ये तापवून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) रोध मोजत राहावा. तापू लागल्यावर रोध आधी उतरतो, मग चढतो आणि शेवटी स्थिरावतो. चढू लागताच मोटार बाहेर काढणे ही नेहमीची चूक. आकडा स्थिर होईपर्यंत आत ओल असते.

रुळावर आणल्यावर इंजिन स्वतःच्या चाकांवर शेडपर्यंत नेता येते का?
*– पनवेल*

आधी एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या कडांमधले अंतर मोजा. ते त्या इंजिनासाठी ठरवून दिलेल्या मर्यादेत हवे. चाक फिरवत निदान तीन ठिकाणी मोजावे. आकडे वेगवेगळे आले तर आस वाकलेला आहे. आस जाम असेल तर त्या चाकांखाली छोटी ट्रॉली घालतात. ओढत नेले तर चाक सपाट घासते आणि रूळही जातो. लोंबणारे ब्रेक रिगिंग (ब्रेकचे दांडे) आणि वाकलेला काउकॅचर (पुढची जाळी) बांधा किंवा कापा. पहिले शंभर मीटर माणूस सोबत चालेल एवढ्याच वेगाने न्यावे.

भंगारात आलेल्या इंजिनाची डिझेल टाकी कापताना काय काळजी घ्यावी?
*– दारूखाना*

रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. मॅनहोल आणि ड्रेन उघडा, आतला गाळ काढा आणि वाफेने किंवा गरम पाण्याने धुवा. मग कापायच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा, वरची झाकणे उघडी ठेवा आणि गॅस डिटेक्टरने तपासूनच कटर लावा. टाकीच्या आत आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्यामागे तेल अडकून राहते. त्यामुळे प्रत्येक कप्पा वेगळा धुवावा लागतो.