खचलेली सीट वरून फोम टाकून उठत नाही

प्रश्न : वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी अजून चालवतो. पुढची सीट बाकासारखी सलग आहे. ड्रायव्हरच्या जागी बसलं की अंग दाराकडे कलतं, आणि त्याच कडेला रेक्झिन शिवणीवर फाटलंय. कुशनवाला म्हणतो, "वर दोन इंच फोम टाकतो, नाहीतर बकेट सीटा बसवून घ्या." घरी काही करता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : येईल. शिवण सोडून सगळं घरी होतं. हातगाडीवर फोम कापण्यापासून मी हेच काम करत आलोय, म्हणून स्पष्ट सांगतो : तो दोन इंच फोम नको. बैठक तेवढी वर येते, स्टिअरिंग मांडीला लागतं, आणि खालची बसलेली स्प्रिंग तशीच राहते. थोड्या दिवसांत परत कलायला लागाल. बकेट सीटा तर नकोच. तुमचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणून तर मध्ये तिसरा माणूस बसू शकतो. तिथे दोन बकेट लावल्या की मध्ये नुसता खड्डा उरणार, शिवाय पत्र्याला नवी भोकं.

दाराकडचीच कड का बसते? चढता-उतरता सगळा भार आधी त्याच कडेवर येतो. खालची स्प्रिंग दबली की कव्हर सैल पडतं, सैल रेक्झिनला सुरकुती पडते, आणि सुरकुतीवर ते फाटतं. म्हणजे दुखणं खाली आहे, फाटलेलं फक्त वर दिसतं.

सीट सोडवायच्या आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. बाहेर काढून उलटी करा आणि मोबाइलवर भरपूर फोटो काढा. कुठली तार कुठे अडकवली होती ते नंतर आठवत नाही. कव्हर ज्या तारेच्या रिंगांनी अडकवलेलं असतं त्या पकडीने पिळून काढा. ओढू नका. जुनं कव्हर कितीही फाटलेलं असलं तरी फेकू नका, तोच तुमचा कागदी नमुना. ब्लेडने एकेक टाका उसवा, प्रत्येक तुकड्यामागे पेनाने नंबर घाला आणि दोन तुकडे जिथे जुळतात तिथे आडवी रेघ मारून ठेवा. या रेघा नसतील तर शिवणारा अंदाजाने जोडतो आणि पायपिंग (शिवणीवरची गोल उभार कड) वाकडं जातं.

आता सांगाडा. तारेच्या ब्रशने गंज घासा, रेड ऑक्साइड लावा, पूर्ण वाळू द्या. निसटलेली स्प्रिंग परत अडकवा. तुटलेली असेल तर वेल्डिंग करू नका. उष्णतेने पोलादाचा ताव जातो आणि जोडाशेजारी ती पुन्हा तुटते. कुशन सामानाच्या दुकानात त्याच जाडीची मागा, तुकडा बरोबर न्या. सुतळीने बांधलेल्या जागा नायलॉनच्या दोरीने बांधा, सुतळी ओलीने कुजते. स्प्रिंगांवर जाड कॅनव्हास किंवा तरट ताणून शिवा. हा थर बरेच जण गाळतात, मग तार थेट फोम कापत बसते.

फोम ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो) घ्या, बोटाने दाबून घेऊ नका. मऊ फोम दुकानात छान वाटतो आणि गाडीत खचतो. चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा कापला की कव्हर घट्ट बसतं.

रेक्झिन निवडायला सीटच्या बुडाकडचा, ऊन न लागलेला तुकडा घेऊन जा. वरच्या रंगावरून घेतलं तर मागच्या सीटशी जुळणार नाही. फाटका भाग लहान असता तर मागून कॅनव्हासचं ठिगळ आणि लवचीक सोल्युशन पुरलं असतं (फेव्हिक्विक नको, ते कडक होऊन शेजारीच तडकतं), पण शिवणीवर गेलंय म्हणजे तो पट्टाच बदला.

शिवणीला मात्र बॅगा किंवा कुशन शिवणाऱ्याकडे जा. पायपिंगसकट चार थर घरच्या मशीनला झेपत नाहीत. धागा नायलॉनचा आणि टाका लांब, साधारण ४ मिलिमीटर, असं बजावून सांगा. बारीक टाक्यांनी रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांवर फाटतं. तयार कव्हर चढवण्याआधी तासभर उन्हात ठेवा, मग मधून सुरुवात करून दोन्ही कडांकडे ताणत जा.

शिवणावळ ठरवताना पायपिंग धरून ठरवा. नंतर त्याचे पैसे वेगळे लावले जातात.