जुन्या डेस्कटॉपचा बॅकअप दर वेळी मध्येच थांबतो; नवी एक्स्टर्नल डिस्क परत करावी का?

तुम्ही लिहिलंय की विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप आहे, १ टीबीची नवी एक्स्टर्नल डिस्क आणली, तीनदा बॅकअप लावला आणि तिन्ही वेळा जवळजवळ त्याच ठिकाणी 'आय/ओ डिव्हाइस एरर' येऊन थांबला. डिस्क परत करू नका. आणि आज रात्री चौथ्यांदा बॅकअपही लावू नका. दर वेळी एकाच जागी अडतोय म्हणजे बहुतेक वाचताना अडतोय, लिहिताना नाही. दोष आतल्या जुन्या डिस्कमध्ये असणार.

इतकं ठासून सांगते कारण २०१६ साली हेच माझ्या घरात घडलं.

आमचा साताऱ्यात छोटा छापखाना आहे. मशीन भाऊजी बघतात, डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं मांडायचं काम, मी करते. काम पेजमेकर आणि मराठी फॉन्टच्या श्रीलिपीवर; सॉफ्टवेअर चालायला लागणारं डोंगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं उपकरण, जुन्या पद्धतीच्या पॅरलल पोर्टचं. नव्या मदरबोर्डला सहसा तो पोर्टच नसतो, म्हणून २००९ चा कॉम्प्युटर आम्ही सांभाळत होतो. गणपतीच्या आठवड्यात एक्स्टर्नल डिस्क आणली. बॅकअप फेल. भाऊजींनी दुकानातून ती बदलून आणली. परत फेल. पुन्हा बदलून आणली. "वहिनी, हल्ली नवा माल असाच येतो," हे त्यांचं ठरलेलं. माझं म्हणणं एकच होतं, तीन डिस्का एकाच टक्क्यावर कशा बिघडतील?

मी क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकून बघितलं. वर पिवळ्या चौकोनात 'कॉशन', आणि खाली सी५ च्या ओळीत, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टरसमोर, शेवटी १ए. हा आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत असतो. १ए म्हणजे २६. डिस्कला वाचता न येणारे २६ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. कॅलेंडरच्या मागे तारीख घालून लिहून ठेवलं. दसऱ्याला तिथेच १३सी होतं, म्हणजे ३१६. तरी कॉम्प्युटर रोज नीट चालत होता, कारण रोजच्या कामात आपण चार-दोन फाइलीच उघडतो. सिस्टिम इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टिमचा बॅकअप, घेताना मात्र भरलेला सगळा भाग वाचावा लागतो, जुन्या लग्नपत्रिकांपासून सगळा, आणि खराब सेक्टर लागला की गाडी तिथेच अडते.

दसऱ्याच्या संध्याकाळी भाऊजींनी एका ओळखीच्या रिपेअरवाल्याला आणलं. मी म्हटलं, आधी दिवाळी अंकाचं फोल्डर तेवढं कॉपी करू द्या. त्याने ऐकलं नाही. 'चेकडिस्क स्लॅश आर', म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची कमांड, लावली आणि सकाळी बघू म्हणून गेला. सकाळी डिस्क टक्-टक्-टक् वाजत होती आणि बायोसमध्ये दिसतच नव्हती. नंतर पुण्यात उघडून बघितलं तेव्हा कळलं, वाचणारं हेड आतल्या चकतीला, म्हणजे प्लॅटरला, घासलं होतं. अंकाची सत्तर पानं फक्त तिथेच होती. संपादकांच्या लाल खुणांची प्रुफं घरात होती, त्यावरून नऊ दिवसांत मी ती पानं पुन्हा टाइप केली. अंक वेळेवर निघाला. पत्रिकांची सात वर्षांची डिझाइनं गेली ती गेलीच.

म्हणून 'आधी चेकडिस्क मारा' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ते डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला लावतं, अडलेल्या जागी पुन्हापुन्हा प्रयत्न करतं. मरणाऱ्या डिस्कवर तो भार टाकायचा नसतो. आधी लागेल ते हाताने कॉपी करा, सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर सगळ्यात आधी. मराठी डीटीपीचं काम असेल तर फॉन्टही घ्या. तो फॉन्ट नसेल तर जुनी फाइल उघडली तरी अक्षरांच्या जागी नुसती इंग्रजी खिचडी दिसते. पूर्ण डिस्क हवी असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्रॅम चालवा. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं, आणि मॅपफाइल, म्हणजे कुठवर वाचलं त्याची नोंद ठेवणारी फाइल, दिली असेल तर मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं.

भाऊजी आजही म्हणतात, त्या रात्री लाइट गेली म्हणून डिस्क गेली. यूपीएस होता. लाइट गेली की तो वाजतो, आणि मी शेजारच्याच खोलीत झोपले होते. तो वाजला नाही. शिवाय २६ चे ३१६ झाले ते त्या रात्रीच्या आधीच. ते कॅलेंडर अजून माझ्याकडे आहे.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. सी५ शून्य असेल आणि सी७ चा, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल, तर डिस्क बरी असू शकते. साटा केबल, म्हणजे आतली डिस्क मदरबोर्डला जोडणारी केबल, बदलून बघा. एक्स्टर्नल डिस्क पुढच्या यूएसबी पोर्टला लावली असेल तर मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढे कधीकधी वीज पुरत नाही. एखादी मोठी फाइलच अडत असेल तर एक्स्टर्नल डिस्कचं फॉरमॅट फॅट३२ आहे का बघा, तिथे ४ जीबीची फाइल मावत नाही. आणि एरर शॅडो कॉपीला (बॅकअपसाठी विंडोज घेतं त्या तात्पुरत्या प्रतीला) जागा नसल्याचा असेल तर विंडोज ७ चं १०० एमबीचं सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन भरलेलं असू शकतं. त्यात ५० एमबी मोकळे लागतात. तुमच्या एररवरून मला यातलं काही वाटत नाही, पण तुमचं मशीन मी पाहिलेलं नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी५, सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर) आणि सी७ समोर काय दिसतंय ते इथे लिहा. आकडे बघून आणि महत्त्वाचं कॉपी करून झालं की मशीन बंद ठेवा.