एकतीस तारखेचं दूध

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. जुलैत हिंजवडीला रुजू व्हायचंय, त्याआधी वाचून ये म्हणून कंपनीने एसडीएलसीची, म्हणजे सॉफ्टवेअर घडवण्याच्या टप्प्यांची, भली मोठी पीडीएफ पाठवलीय, आणि तू विचारतेस, "मामा, कोड तर मला लिहिता येतो. मग हे टप्पे, हे कागद, या मीटिंगा कशाला?" फोनवर काहीतरी सांगून मोकळा झालो असतो, पण तुला ते पटलं नसतं. म्हणून निवांत बसून लिहितोय.

माझ्या पहिल्या कामाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. १९९७ साली सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेसाठी मी फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेसच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालणार, त्याचे लिटर, फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरने मोजलेली दुधाची घनता) नोंदवायची, दरपत्रकावरून दर काढायचा आणि दर दहा दिवसांनी बिल छापायचं. सचिवांशी दोन तास बोललो, वहीची दोन पानं भरली आणि पुण्याला येऊन तीन आठवड्यांत प्रोग्रॅम उभा केला. नोव्हेंबरची तिन्ही बिलं चोख निघाली. डिसेंबरचीही निघाली. जानेवारीत एक आजी दुधाचं कार्ड घेऊन संस्थेत आल्या. त्यांची एकच म्हैस. नातवाला बसवून कार्डावरच्या नोंदींची बेरीज करून घेतली होती, आणि बिलात साडेतीन लिटर दूध कमी भरत होतं.

ते ३१ डिसेंबरचं दूध होतं. मी वहीत "दर दहा दिवसांनी बिल" असं लिहून घेतलं होतं, म्हणून प्रोग्रॅमने एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते तीस एवढंच धरलं. दोनशेच्या वर सभासदांचं एका दिवसाचं दूध कुठल्याच बिलात आलं नाही. सचिव म्हणाले, "साहेब, महिना एकतीसचा पण असतो, हे काय सांगायला पाहिजे होतं का?" त्यांना ते इतकं ठाऊक होतं की सांगावं असं वाटलंच नाही. आणि मी विचारलं नाही. कोडमध्ये चूक नव्हती बघ, त्याने सांगितलेलं काम नीट केलं होतं. चूक झाली ती वहीत, कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण सगळ्यांची बिलं पुन्हा काढायला दोन दिवस लागले, आणि त्यानंतर कितीतरी महिने लोक प्रत्येक बिलाची बेरीज हाताने करून बघत. ते मला फार लागलं.

त्या खेपेला मी गावातच राहिलो आणि पहाटे साडेपाचला संकलनाच्या टेबलापाशी जाऊन बसलो. तिथे दिसलं की सचिव फॅटचा आकडा आधी पेन्सिलीने लिहितात. एखाद्याने तक्रार केली तर नमुना पुन्हा मशीनला लावायचा, मगच आकडा पेनाने पक्का करायचा. माझा प्रोग्रॅम एंटर मारताक्षणी नोंद पक्की करून टाकायचा. म्हणून ते बिचारे सगळं कागदावर लिहीत आणि गर्दी ओसरल्यावर संगणकात भरत. म्हणजे मी त्यांचं काम दुप्पट करून ठेवलं होतं. दोन तासांच्या बोलण्यात ही पेन्सिल एकदाही आली नव्हती. तुझ्या पीडीएफमध्ये रिक्वायरमेंट, म्हणजे नेमकं काय हवंय ते समजून घेण्याचा, जो टप्पा आहे तो हा. तो बोलून अर्धाच होतो, उरलेला अर्धा शेजारी बसून बघावा लागतो.

आता 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' या नावाविषयी. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने एक परिषद भरवली. संगणक झपाट्याने मोठे होत होते, पण त्यांच्यावरची सॉफ्टवेअर वेळेत होत नव्हती, खर्च हाताबाहेर जात होता, आणि झालेल्या कामावर विसंबता येत नव्हतं. पूल बांधणारा इंजिनिअर जसा हिशेबाने बांधतो, तसं सॉफ्टवेअर का बांधू नये, हे टोचून विचारण्यासाठी परिषदेचं नावच 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' ठेवलं. त्याच काळात अमेरिकेत मार्गारेट हॅमिल्टन चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होत्या आणि त्याही हाच शब्द आग्रहाने वापरत. त्यांची लहान मुलगी एकदा सिम्युलेटरशी, म्हणजे उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्राशी, खेळत होती. उड्डाण चालू असतानाच तिने उड्डाणापूर्वीचा प्रोग्रॅम सुरू केला आणि सगळं कोसळलं. असं कुणी केलं तर अडवणारी तपासणी घालू या, असं हॅमिल्टन म्हणाल्या. अंतराळवीर असली चूक करणार नाहीत, असं उत्तर आलं. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ च्या प्रवासात अंतराळवीर जिम लव्हेल यांच्या हातून नेमकी तीच चूक झाली आणि दिशादर्शनाची माहिती पुसली गेली. ती पृथ्वीवरून पुन्हा पाठवावी लागली. "असं कोण करतंय?" हे वाक्य ऑफिसात कानावर पडलं की मला ती मुलगी आठवते.

पीडीएफमध्ये धबधब्यासारखी उतरती आकृती असेल: रिक्वायरमेंट, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, रिलीज, मेंटेनन्स. वॉटरफॉल. तिचं मूळ म्हणून विन्स्टन रॉयस या अमेरिकन इंजिनिअरचा १९७० चा निबंध सांगतात. तो अकराच पानांचा आहे, मुळातून वाच. आकृती त्यात आहे खरी, पण 'वॉटरफॉल' हा शब्द नाही, आणि आकृतीखाली रॉयस लगेच सांगतात की असं सरळ खाली उतरत जाणं धोक्याचं आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे. टेस्टिंग सगळ्यात शेवटी येतं, म्हणून कागदावरचा अंदाज खरा होता का, हे तेव्हाच पहिल्यांदा कळतं. चुकला असेल तर मुळापासून पुन्हा. त्यावर त्यांनी उपाय दिले: ग्राहकाला शेवटपर्यंत सोबत ठेवा, प्रत्येक गोष्ट लिहून ठेवा, आणि काम नव्या प्रकारचं असेल तर ते दोनदा करा, आधी एक लहान नमुना बांधून बघा. लोकांनी आकृती उचलली आणि पुढची पानं सोडून दिली. वर्षानुवर्षं मोठमोठी कंत्राटं त्या आकृतीवर चालली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. बॅरी बोहेम यांनी ऐंशीच्या दशकात चक्राकार पद्धत मांडली. प्रत्येक फेरीत सगळ्यात मोठा धोका कुठला ते आधी शोधायचं आणि त्यालाच हात घालायचा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला: चालणारं सॉफ्टवेअर लवकर आणि वारंवार ग्राहकाच्या हातात द्या, तो काय म्हणतो ते ऐका, बदल आला तर स्वीकारा. तुझ्या टीममध्ये दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे हप्ते, असतील, रोज सकाळी स्टँडअप, म्हणजे उभ्याउभ्या छोटी मीटिंग, असेल. काही ठिकाणी तो स्टँडअप नुसती हजेरी होऊन बसतो, काल काय केलं, आज काय करणार, झालं. तसं वाटलं तर कुरकुरू नकोस. आपली पाळी आली की नेमकं कुठे अडलंय ते सांग, दुसरेही हळूहळू सांगू लागतात.

कुठली पद्धत चांगली, असं तू विचारणारच. मी आधी बघतो की चूक किती उशिरा कळणार आहे आणि तिची किंमत कोण मोजणार आहे. दूध संस्थेला मी पहिल्या दहा दिवसांनंतर कच्चा प्रोग्रॅम देऊन शेजारी बसलो असतो, तर पेन्सिल तेव्हाच दिसली असती. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राचं तसं नव्हतं. १९८५ ते १९८७ मध्ये त्याने निदान सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, त्यातले काही दगावले. आधीच्या यंत्रांत धोका अडवणारी यांत्रिक कुलपं होती. ती काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. अशा कामात "देऊ या, मग बघू" चालत नाही. तिथे कागद, तपासण्या आणि सह्या जड वाटल्या तरी लागतात.

आरियान ५ या युरोपीय रॉकेटची गोष्ट मात्र मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू, पहिलंच उड्डाण. अवघ्या ३७ सेकंदांत रॉकेटचा तोल गेला आणि त्याचे तुकडे झाले. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर आरियान ४ वरून जसंच्या तसं उचललं होतं. त्या रॉकेटवर ते नीट चालायचं. आरियान ५ चा आडवा वेग जास्त, म्हणून एक ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. मुख्य संगणक बंद पडला. राखीव संगणक क्षणभर आधी त्याच कारणाने बंद पडलेला, कारण त्यातही तोच कोड. आणि जो भाग कोसळला त्याचं उड्डाणानंतर नव्या रॉकेटला कामच नव्हतं!

चौकशी अहवालातली एक नोंद माझ्या मनात घर करून आहे. असे धोक्याचे सात आकडे होते. चारांना संरक्षण दिलं आणि तीन मुद्दाम सोडले, कारण प्रोसेसरवरचा भार वाढू द्यायचा नव्हता आणि ते आकडे तेवढे मोठे होणारच नाहीत असा हिशेब होता. जुन्या रॉकेटपुरता तो हिशेब खरा होता. पण तो निर्णय का घेतला, याचा उल्लेख कोडमध्ये कुठेच नव्हता. पुढच्या माणसाने ती ओळ वाचली असती तरी त्याला काय समजणार होतं? म्हणून तुला हात जोडून सांगतो, कॉमेंटमध्ये आणि कमिटच्या (कोडमधला बदल जमा करतानाच्या) मेसेजमध्ये "काय केलं" यापेक्षा "का केलं" ते लिही. काय केलं ते कोड सांगतोच.

रिलीजला, म्हणजे तयार कोड प्रत्यक्ष वापरात आणण्याला, नवी मुलं कमी लेखतात. २०१२ च्या जुलैअखेरीस नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर दलाल कंपनीने नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढवला, आठवा राहून गेला. त्यावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना भाग तसाच पडून होता, आणि नव्या कोडने त्याचाच जुना फ्लॅग (चालू-बंद सांगणारी खूण) दुसऱ्या कामासाठी वापरला होता. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरने खरेदी-विक्रीचा सपाटा लावला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरपेक्षा जास्त तोटा. दुसऱ्या कुणी आठही सर्व्हर तपासावेत असा लेखी नियमच नव्हता. तुझ्या पहिल्या रिलीजच्या आधी टीमला एवढं विचार: "हे फसलं तर मागे कसं यायचं?" उत्तर लिहिलेलं नसेल तर ते लिहायचं काम तूच माग.

मेंटेनन्स म्हणजे दुय्यम काम, असं कॉलेजात ऐकलं असशील. माझं दुसरं काम तेच होतं. १९९८-९९ मध्ये आम्ही कोबोल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅममधल्या तारखा शोधत होतो, कारण वर्ष दोनच आकड्यांत साठवलेलं. लिहिणाऱ्यांनी जागा वाचवली होती, तेव्हा ती खरोखर महाग होती. आपला प्रोग्रॅम २००० सालापर्यंत जगेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. तो जगला. सॉफ्टवेअर लिहिण्यात त्याच्या आयुष्याचा थोडाच भाग जातो, उरलेली वर्षं कुणीतरी त्यात बदल करत असतं. मी त्या दिवसांत जेवढं शिकलो तेवढं नवं लिहिताना कधीच शिकलो नाही.

आता कोड लिहून देणारी एआयची साधनं तुझ्या हाताशी आहेत. वापर, जरूर वापर. पण सचिवांची पेन्सिल त्यांना दिसत नाही. कुणीतरी ती बघून सांगावी लागते.

रुजू झालीस की पहिल्या महिन्यात नवं काही लिहायला मिळालं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. आधीच्या लोकांचे बग रिपोर्ट वाच, जुने कमिट वाच, आणि जमलं तर एक दिवस सपोर्टच्या माणसाशेजारी बसून ग्राहकांचे फोन ऐक. कुठल्या गोष्टी कुणीच लिहून ठेवलेल्या नाहीत, पण सगळे धरून चालतात, त्यांची एक वही कर. दिवाळीला येशील तेव्हा ती घेऊन ये. मलाही बघायचीय.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा