काठावरचं गाव रंगवून शिकायचंय? क्लिम्टपासून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय की नुकताच ब्रश हातात घेतलेल्याने मोठ्या चित्रकाराचं काठावरच्या गावाचं चित्र कॉपी करावं का, आणि कोणतं?

जरूर करा. मी ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव क्लिम्टचं ऑस्ट्रियातल्या आटरझे तलावाकाठच्या उंटरआख गावातल्या घरांचं चित्र सुचवेन, साधारण १९१६ सालचं. क्लिम्ट पलीकडच्या काठावरून दुर्बिणीतून हे गाव न्याहाळायचा. दुर्बिणीत पुढच्या आणि मागच्या घरातलं अंतर मिटतं, सगळी घरं एकमेकांना चिकटून वर चढल्यासारखी दिसतात. त्यामुळे पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवणाऱ्या रेषा जुळवत बसावं लागत नाही. नवशिक्याची निम्मी धास्ती तिथेच जाते. उरतात फक्त आकार.

मूळ कॅनव्हास चौरस, ११० सेंटिमीटरचा. तुम्ही ३० बाय ३० चा घ्या. मूळ चित्राच्या छापील प्रिंटवर आणि कॅनव्हासवर सारख्याच चौकटी आखा आणि प्रिंट उलटा, म्हणजे वरची बाजू खाली करून ठेवून रेखाटन करा. खिडकी म्हटलं की हात ठरलेली खिडकी काढून मोकळा होतो. प्रिंट उलटा असला की ती खिडकी राहत नाही, एक गडद डाग होतो आणि तो भिंतीच्या कडेपासून किती दूर आहे हे दिसायला लागतं.

रंग जुळवणं हा खरा अभ्यास आहे, त्याला वेळ द्या. प्रिंटवर पारदर्शक प्लास्टिक पसरा आणि मिसळलेल्या रंगाचा ठिपका त्यावर लावून बघा. बरोबर असेल तर ठिपका प्रिंटमध्ये विरघळून जातो. पांढऱ्या भिंतींना नुसता टिटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग कधीच पुरत नाही. त्यात अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा कण मिसळा, लगेच फरक कळेल. पाण्यातल्या प्रतिबिंबात फिकट भिंत थोडी गडद होते आणि गडद झाड थोडं फिकट, एवढं लक्षात ठेवा.

कॉपी करण्यात कमीपणा काहीच नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही चित्रकार मूळ चित्रासमोर इझल लावून कॉपी करतात, फक्त आकार मूळ चित्राएवढा चालत नाही. तुम्ही कॅनव्हासच्या मागे 'क्लिम्टवरून' असं लिहा.

आणि हे झालं की लगेच दुसरी कॉपी घेऊ नका. जवळच्या नदीच्या किंवा तळ्याच्या पलीकडच्या काठावरून फोनचा झूम पूर्ण ताणून वस्तीचा फोटो काढा, चौरस कापा आणि याच पद्धतीने रंगवायला बसा.