अगदी आजोबांवर गेलाय!

प्रश्न : मी बारावीत आहे. मला पटकन राग येतो. परवा धाकट्या भावाने न विचारता माझी वही घेतली. मी ती हिसकावली आणि पान टरकन फाटलं. आजी लगेच म्हणाली, "आला बघ याचा आजा!" आजोबांना मी पाहिलेलंसुद्धा नाही. राग रक्तातच असेल तर तो बदलायचा कसा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : रक्तातून काही येतं, हे खरं. पण ते किती आणि काय, इथेच बहुतेक घरांत गफलत होते. जुळ्या भावंडांवर पन्नास वर्षांत झालेल्या २,७०० हून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसामाणसांत जे फरक दिसतात, त्यांत सरासरी ४९ टक्के वाटा आनुवंशिकतेचा, असं त्यातून निघालं. हा आकडा समूहातल्या फरकांचा आहे. 'तुझा निम्मा राग आजोबांचा' असा त्याचा अर्थ होत नाही. एकट्या माणसाच्या स्वभावाची अशी वाटणी करताच येत नाही. शिवाय एका आजोबांकडून नातवाला सरासरी पाव हिस्साच जनुकं मिळतात. बाकीच्या तीन आजी-आजोबांचं नाव मात्र घरात कुणी काढत नाही!

वारशाने येतो तो कल. एखाद्याचं अंग चटकन तापतं, एखाद्याचं उशिरा. तापल्यावर वही हिसकावायची की "दे ती" म्हणून हात पुढे करायचा, हे मूल घरात बघून शिकतं, आणि शिकलेलं बदलता येतं. 'आजा आला' या शिक्क्याचा दोष वेगळाच आहे. तो एकदा बसला की तू शांत राहिलास ते दिवस कुणाच्या लक्षातच येत नाहीत. म्हणून ते तूच मोजायचेस.

तीन आठवडे खिशात छोटी डायरी ठेव. राग आला की तासाभरात चार गोष्टी लिही : वेळ, समोर कोण होतं, त्याआधी नेमकं काय घडलं, शेवटचं कधी खाल्लं होतंस. राग गिळलास तेव्हाचीही नोंद कर. ही नोंद मुलं हमखास विसरतात आणि मग डायरीतसुद्धा तोच शिक्का उमटतो. रात्री सगळं एकदम लिहू नकोस. तोवर आठवणीत स्वतःची बाजू घुसलेली असते. दहा-बारा नोंदी झाल्या की सलग वाच. क्लासहून उपाशीपोटी आल्यावर किंवा आपल्या वस्तूला कुणी हात लावल्यावर, असा काहीतरी धागा बहुधा सापडतो. धागा सापडला की उपाय साधा होतो : आधी खायचं, किंवा वह्यांसाठी कुलपाचा खण मागून घ्यायचा.

आजोबांबद्दलही विचार. आजी, आत्या आणि चुलत आजोबा यांना वेगवेगळं गाठ. सगळे एकत्र बसले की घासून गुळगुळीत झालेली एकच गोष्ट ऐकायला मिळते. "ते चिडायचे का?" असं न विचारता "ते कशावर चिडायचे आणि कुणावर कधीच चिडले नाहीत?" असं विचार. रागापलीकडचा माणूस त्यातून दिसेल, आणि त्याच्यातलं काय घ्यायचं हे तुला निवडता येईल.

रागाच्या भरात कुणाला किंवा स्वतःला इजा होत असेल, तर डायरीवर थांबू नकोस. मानसिक आरोग्यासाठी सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

प्रश्न : माझ्या सासरची माणसं तंजावरची मराठी, आता चेन्नईत. आम्ही पुण्यात राहतो. चौदा वर्षांच्या मुलीच्या हेलाला इथली मावसभावंडं हसतात, आणि चेन्नईत तिला 'मराठी मुलगी' म्हणतात. ती विचारते, "मी नक्की कुठली?"
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, आधी हसणं थांबवा, तेही मुलीच्या समोर. चारचौघांत उच्चारावर हसलं गेलेलं मूल ती भाषाच बोलायचं सोडून देऊ शकतं.

मग तिला तिच्या हेलामागचं घराणं दाखवा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं आणि भोसल्यांचं राज्य तिथे १८५५ पर्यंत टिकलं. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्या घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. तिथल्याच सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे. पहिलं मराठी नाटक म्हणून सांगितलं जाणारं 'सीतास्वयंवर' सांगलीत १८४३ मध्ये झालं, त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी तंजावरात मराठी नाटकं लिहिली जात होती. तिची मराठी बिघडलेली नाही. तमिळच्या शेजारात वाढलेली ती वेगळी बोली आहे.

"तू मराठी की तमिळ?" हा प्रश्न घरात कुणालाच विचारू देऊ नका. 'दोन्ही' हे पूर्ण उत्तर आहे. मात्र घराण्याच्या माहितीची परीक्षाही घेऊ नका. सनावळ्या पाठ करून घेतल्या की मूल वारशालाच कंटाळतं. त्यापेक्षा तिच्या हाती काम द्या. तिला चित्रं आवडत असतील तर चेन्नईच्या आजीच्या स्वयंपाकघराचं चित्र काढून प्रत्येक भांड्याखाली आजीचा शब्द लिहू दे. बडबडी असेल तर फोनवर आजीचं बोलणं ध्वनिमुद्रित करू दे. एका वेळी वीस मिनिटं पुरे. वयस्कर माणसं त्यापुढे थकतात. पंखा बंद ठेवा, फोन आजीपासून हातभर अंतरावर ठेवा आणि आजीचा शब्द मध्येच 'सुधारू' नका. फाइलला लगेच नाव, गाव आणि तारीख द्या. नाहीतर वर्षभराने शंभर फाइलींत ती आजी सापडत नाही.