विमानं बंद केली की साथ थांबते का?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, माझा भाऊ चार वर्षं झाली नायजेरियात लागोसला नोकरीला आहे, दिवाळीला तेवढा येतो. इबोलाची बातमी आली की आईच्या पोटात गोळा येतो आणि घरात तोच वाद सुरू होतो, बाबा म्हणतात तिकडची सगळी विमानं बंदच करून टाकायला पाहिजेत, भाऊ म्हणतो त्याने काही होत नाही. खरं कोणाचं? २०१४ ला सगळ्या देशांनी नक्की काय केलं होतं?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर: ताई, आईंची काळजी समजते मला, आणि रोग आला की दार लावून घ्यावं हे बाबांनाच काय कोणालाही आधी सुचतं. पण यात मी तुमच्या भावाच्या बाजूने आहे, आणि उदाहरणही त्याच्याच लागोसचं देतो.

२० जुलै २०१४ ला लायबेरियाचा एक सरकारी अधिकारी टोगोमार्गे विमानाने लागोसला आला आणि विमानतळावरच कोसळला. सरकारी डॉक्टरांचा संप चालू होता म्हणून त्याला खाजगी हॉस्पिटलात नेलं. इबोलाच्या पेशंटशी संबंध आला होता का विचारलं तर नाही म्हणाला, आधी मलेरिया समजून उपचार झाले, पण तिथल्या डॉ. अमेयो स्टेला अडादेवोह यांना शंका आली, त्यांनी टेस्ट करायला लावली आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याला सोडणार नाही म्हणून ठाम राहिल्या. त्याला कॉन्फरन्सला जायचंय, सोडा, असा लायबेरियाच्या अधिकाऱ्यांचा दबाव आला तरी बाई हटल्या नाहीत. २५ जुलैला तो गेला, आणि १९ ऑगस्टला त्याच रोगाने डॉक्टरबाईही गेल्या. त्यांच्याबद्दल वाचलं की मला आजही भरून येतं, कारण तो माणूस त्या दिवशी हॉस्पिटलातून बाहेर पडला असता तर सुमारे दोन कोटींच्या शहरात काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

पुढचं काम पोलिओवाल्यांनी उचललं. आपल्याकडे पल्स पोलिओला बायका घरोघरी फिरतात ना, तशी तिथे यंत्रणा तयार होती, तीच कामाला लावली. पेशंटच्या संपर्कात आलेली ८९४ माणसं शोधली आणि त्यांची विचारपूस करायला जवळपास १८,५०० वेळा लोक प्रत्यक्ष जाऊन आले. नायजेरियात एकूण २० जणांना लागण झाली, ८ गेले, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. पश्चिम आफ्रिकेतल्याच गिनी, लायबेरिया, सिएरा लिओनमध्ये साथ संपेपर्यंत ११,००० च्या वर माणसं मेली, म्हणजे नायजेरियाने काय वाचवलं बघा.

आता विमानांचं. ८ ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली तेव्हाच सांगितलं होतं की सरसकट प्रवासबंदी नको, त्या तीन देशांतून निघणाऱ्यांना तिथेच तपासा. तरी ब्रिटिश एअरवेज, एमिरेट्स वगैरेंनी तिकडची उड्डाणं बंदच ठेवली, ब्रसेल्स एअरलाइन्स आणि रॉयल एअर मारोक जात राहिल्या, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत कारण साथ विझवायला जाणारे डॉक्टर, नर्स याच विमानांनी जाणार ना. विमानं बंद झाली की आग लागलेल्या घराकडचा रस्ताच बंद होतो.

तपासणीलाही मर्यादा आहेत. ऑगस्ट ते ऑक्टोबर त्या तीन देशांतून साधारण ८०,००० लोक विमानाने निघाले, ७७ जणांना चढू दिलं नाही, त्यातल्या कोणालाही इबोला निघाल्याचं नोंदलेलं नाही, बऱ्याच जणांना मलेरिया होता. आणि ज्याला खरंच लागण झालेली होती तो २० सप्टेंबरला अमेरिकेत डॅलसला आरामात पोचला, कारण निघताना त्याला ताप नव्हता. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते २१ दिवस लागतात, कपाळासमोर धरलेल्या थर्मामीटरला ते कसं कळणार? म्हणून मग अमेरिकेने तिकडून येणाऱ्या सगळ्यांना पाचच विमानतळांवरून आत घ्यायला सुरुवात केली, पत्ता, फोन नंबर घेतला, हातात थर्मामीटर दिला आणि २१ दिवस रोज चौकशी ठेवली. मला विचाराल तर कामाचं हेच.

शिवाय भारतात तिकडची बहुतेक माणसं दुसऱ्याच कुठल्यातरी शहरात विमान बदलून येतात, तेव्हा बंदी घालायची कोणत्या विमानावर? माणूस खरं सांगतो का यावरच सगळं येऊन थांबतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून आपला एक तरुण दिल्लीला उतरला, इबोलातून बरा झाल्याचा तिथला दाखला त्याच्याकडे होता. रक्त निगेटिव्ह आलं पण वीर्यात विषाणूचे अंश सापडले, तेव्हा ते जाईपर्यंत त्याला विमानतळाच्या आरोग्य केंद्रात वेगळं ठेवलं. अशा माणसाला आपण गुन्हेगारासारखं वागवलं तर पुढचा माणूस दाखला खिशातच ठेवेल, ही भीती मला इबोलापेक्षा जास्त वाटते.

प्रश्न: आणि विमानात शेजारी पेशंट असेल तर हवेतून होतो का? भाऊ येताना अजून काय काळजी घ्यावी?

उत्तर: इबोला हवेतून पसरत नाही. लक्षणं असलेल्या माणसाचं रक्त, उलटी, जुलाब, घाम यांच्या संपर्कातून होतो, म्हणून नुसत्या शेजारी बसण्याने घाबरू नका.

भावाने खरं सांभाळायचं ते यलो फीव्हरचं पिवळं कार्ड, म्हणजे त्याची लस घेतल्याचा दाखला. हा रोग डासांमुळे पसरतो, तो डास आपल्याकडे भरपूर आहे पण रोग नाही, म्हणून भारत यात अजिबात सूट देत नाही. नायजेरियाहून आलेल्या माणसाकडे कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे आधी घेतलेली असेल तर परत घ्यायची गरज नाही. फक्त कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नको म्हणावं, पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेव, कारण आरोग्य तपासणीचं काउंटर सामान मिळायच्या आधी लागतं.